नुकसान तर काही नाही ना!

२०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मोजायचं सोडून दिलं. "आयुर्वेदिक आहे बेटा, घेऊन पहा. फायदा झाला तर झाला, नुकसान तर काही नाही ना!" वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ऑफिसमधली टीम लीड म्हणाली, लग्नात भेटलेला आतेभाऊ म्हणाला. रात्री अडीच वाजता फोनवर आलेल्या रीलमधली मुलगीही तेच म्हणाली, फक्त इंग्रजीत आणि डिस्काउंट कोडसकट.

हा लेख त्या एका वाक्याच्या विरोधात आहे. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण या विषयावर आपल्याकडे बहुतेक दोनच प्रकारचं लिहिलं जातं. एकात आयुर्वेद म्हणजे निव्वळ भोंदूगिरी असते, दुसऱ्यात ॲलोपॅथी म्हणजे परदेशी कारस्थान. मला तेव्हा दोन्हीचा उपयोग नव्हता. मला झोप येत नव्हती.

मी मिहानमधल्या एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे स्टँडअप रात्री साडेदहाला. तीन आठवड्यांतून एक आठवडा ऑन-कॉल, म्हणजे पहाटे तीनला सर्व्हर पडला तरी उठायचं. जानेवारीत झोप उडाली तेव्हा मी तो दोष कामाला दिला. फेब्रुवारीत बसल्या बसल्या छाती धडधडायला लागली, तेव्हा त्याला अँक्झायटी म्हटलं. मार्चमध्ये समोर चार ओळींचं फंक्शन असायचं, मी ते तीनदा वाचायचे आणि अर्थच लागायचा नाही. त्याला आमच्या पिढीने ब्रेन फॉग हे नाव देऊन ठेवलंच आहे. वजन पाच किलो उतरलं, तर ऑफिसमध्ये अभिनंदन झालं. घाम फुटायचा, पण नागपुरात एप्रिलमध्ये घाम कोणाला येत नाही?

काकूंनी मात्र विचारलं होतं, "काहून गं, एवढी सुकून राहिली?" आणि पुढे ते वाक्य.

एका वेबसाइटवर बारा प्रश्नांची क्विझ दिली. त्वचा कोरडी आहे का, विचार थांबत नाहीत का, झोप मध्येच मोडते का. निकाल आला, 'तुमचा वात वाढला आहे'. त्याच्याखालीच नव्वद दिवसांचा कोर्स होता. सकाळी ब्राह्मीची गमी, रात्री अश्वगंधा आणि जटामांसीची कॅप्सूल. मी ऑर्डर केली. महिनाभरात धडधड आणखी वाढली. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की शरीर ॲडजस्ट होतंय, पथ्य नीट पाळताय ना, कोर्स मध्येच सोडू नका. मी सोडला नाही.

जूनमध्ये आई मला सक्करदऱ्याकडच्या एका वैद्य मॅडमकडे घेऊन गेली. साठीच्या असतील. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळे पाहिले, गळा चाचपला. दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगितले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद थरथरत होता. त्यांनी माझ्या पिशवीतल्या डब्या काढून लेबलं वाचली आणि म्हणाल्या, "हे सगळं आजपासून बंद. उद्या सकाळी टी-३, टी-४, टीएसएच करून घे बेटा. मी आज औषध देत नाही. रिपोर्ट आण."

टीएसएच जवळपास शून्य निघालं. ग्रेव्ह्ज डिसीज, म्हणजे थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते असा आजार. मॅडमनी स्वतः चिठ्ठी लिहून एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं. कार्बिमाझोल सुरू झालं, आणि ऑगस्टमध्ये एका रात्री मी सात तास झोपले.

एवढी गोष्ट सांगायचं कारण म्हणजे तिच्यातला एक तपशील. माझी बाटली थांबवणारी बाई वैद्य होती. बाटली चालू ठेव म्हणणारा चॅटबॉट 'आयुर्वेदिक' होता. या दोघांना आपण एकाच शब्दाने ओळखतो, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

जे काम करतं ते नुकसानही करू शकतं

अश्वगंधा म्हणजे नुसती हवा आहे, असं मी म्हणणार नाही. भारतात तिच्यावर प्लासिबोशी तुलना करणारे अभ्यास झालेत. २०१२ मध्ये ६४ तणावग्रस्त माणसांवर साठ दिवसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये झोप न येणाऱ्या ६० जणांवर दहा आठवड्यांचा दुसरा झाला. दोन्हींत मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देण्यात आला होता, आणि दोन्हींत अश्वगंधा घेणाऱ्यांना प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं. अभ्यास लहान आहेत, मुदत कमी आहे, पण तिचा परिणाम होतो असं म्हणायला थोडी जागा आहे.

आता तिसरा अभ्यास बघा. २०१८ मध्ये थायरॉइड थोडं कमी पडणाऱ्या ५० जणांना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम अश्वगंधा किंवा प्लासिबो देण्यात आला. अश्वगंधा घेणाऱ्यांचं टी-३ आणि टी-४ वाढलं, टीएसएच खाली आलं. ज्यांचं थायरॉइड कमी आहे त्यांच्यासाठी ही चांगली बातमी असू शकते. माझं आधीच उतू चाललं होतं. माझ्यासाठी याच गुणधर्माचा अर्थ उलटा होतो. आणि थायरॉइड वाढल्याची लक्षणं काय असतात? धडधड, अस्वस्थपणा, झोपमोड, लक्ष न लागणं. म्हणजे जिला अश्वगंधा घ्यावीशी वाटेल, नेमकी तीच लक्षणं.

कॅप्सूलमुळे मला ग्रेव्ह्ज झाला, असं मी म्हणत नाही. तो आधीपासून होता. कॅप्सूलने त्यात किती भर घातली हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरवता येत नाही; एका लॉगवरून मी बगचं कारणही ठरवत नाही. पण गेलेले दिवस मोजता येतात. मार्चअखेर ते जून, साधारण अडीच महिने. तेवढा काळ त्या वाक्याने मला रक्त तपासण्यापासून लांब ठेवलं.

यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वेगळ्या आहेत. आइसलँड, अमेरिका आणि खुद्द भारतातल्या डॉक्टरांनी अश्वगंधा घेणाऱ्यांमध्ये कावीळ झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली आहेत. लाखो लोक ती घेतात हे पाहता अशी प्रकरणं विरळच म्हणायला हवीत. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. मला ती बंदी टोकाची वाटते. पण अन्नपूरकावर बंदी घालण्याआधी धोका मोजायला बसणारं कोणीतरी तिथे आहे, याचा हेवाही वाटतो.

'हजारो वर्षांचा अनुभव हीच चाचणी' असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच देशातली एक गोष्ट आहे, सर्पगंधेची. बिहारकडे या मुळीला लोक 'पागल की दवा' म्हणायचे. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. तिने भ्रमिष्ट रुग्ण शांत होतात आणि रक्तदाब उतरतो, अशी त्यांची नोंद होती. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरून पाहिलं.

म्हणजे आपली मुळी खरी निघाली. आधुनिक मनोविकारशास्त्राच्या पहिल्या औषधांपैकी एक तिच्यातून आलं. आणि लगेच दुसरी बाजूही दिसली. रेसरपीन घेणारे काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदी झाल्या. त्या किती पक्क्या यावर पुढे वाद झाला, पण मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं या औषधाने रिकामी होतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं. आर्विड कार्लसन यांनी रेसरपीन देऊन जवळपास निश्चल केलेल्या प्राण्यांना एल-डोपा देऊन पुन्हा हालतं केलं. त्यातून डोपामिनचं काम कळलं आणि पार्किन्सन्सच्या उपचाराची वाट सापडली. २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळालं.

ही मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. पण ती कोणाला द्यायची नाही, किती दिवस द्यायची, कशासोबत द्यायची नाही, हे नीट कळलं ते मोजायला बसल्यावर. आजही सर्पगंधा घनवटी झोपेसाठी विकली जाते. आधीच बीपीची गोळी घेणाऱ्या एखाद्या काकांना कोणी सहज म्हणतं, घेऊन पहा, नुकसान तर काही नाही ना. खरं तर आयुर्वेदाचा याहून मोठा अपमान नाही. नुकसान होऊच शकत नाही असं आपण फक्त अशाच गोष्टीबद्दल म्हणू शकतो, जिचा काही परिणामच होत नाही.

एक नाव, चार वनस्पती

माझ्या गमीवर 'ब्राह्मी' लिहिलं होतं. कोणती ब्राह्मी? केरळात ब्राह्मी म्हणजे बहुधा बॅकोपा मोनिएरी, पाणथळ जागेतली जाडसर पानांची वेल. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी त्याच नावाने मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, विकली जाते. दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती, दोन वेगळी रसायनं. शंखपुष्पीचं तर विचारू नका. त्या नावावर निदान चार वनस्पतींचा दावा आहे आणि त्यात गोकर्णही येते. बॅकोपावर स्मरणशक्तीचे जे अभ्यास झाले ते साधारण बारा आठवडे ठरावीक अर्क देऊन झाले. ते दाखवून मंडूकपर्णीची गमी विकणं म्हणजे दुसऱ्याच लायब्ररीच्या टेस्ट पास झाल्याचा स्क्रीनशॉट दाखवून आपला कोड प्रॉडक्शनला टाकण्यासारखं आहे. असं केलं तर माझी नोकरी जाईल. त्यांना फंडिंग मिळतं.

हे चालतं कारण कायदा चालू देतो. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याखालच्या नियम १५८-ब नुसार, मान्यताप्राप्त ग्रंथात सांगितलेलं औषध त्याच उपयोगासाठी बनवलं तर परिणामकारकतेचा नवा अभ्यास द्यावा लागत नाही. ग्रंथातला आधार पुरतो. ग्रंथातलीच द्रव्यं घेऊन कंपनीने स्वतःचं मिश्रण केलं, तरी परिणामासाठी एक छोटा अभ्यास भागतो आणि सुरक्षिततेचा अभ्यास साधारणपणे मागितला जात नाही. पण ग्रंथ लिहिणाऱ्याने काढा, चूर्ण, घृत सांगितलं होतं. दहापट घट्ट केलेला अर्क, तोही इतर दोन अर्कांसोबत आणि स्ट्रॉबेरीच्या चवीत, त्याने पाहिलेला नव्हता. बऱ्याच गमीज तर औषध म्हणून नव्हे, अन्नपूरक म्हणून बाजारात येतात. मग तो नियमही लागत नाही.

जाहिरातींचं आणखी वेगळं. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी आहे. त्या यादीत मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे विकार आहेत. म्हणून डबीवर कधी आजाराचं नाव नसतं. 'काम', 'फोकस', 'डीप रेस्ट' असे शब्द असतात. आजाराचं नाव तुम्ही रात्री अडीच वाजता सर्चमध्ये टाइप केलेलं असतं, त्यांना ते पुन्हा लिहायची गरज नसते.

२०१८ मध्ये नियम १७० आला. आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीला आधी परवानगी घ्या, एवढंच तो म्हणत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना कळवलं की या नियमाखाली कारवाई करू नका. एप्रिल २०२४ मध्ये, मी रोज रात्री कॅप्सूल गिळत होते त्याच महिन्यात, पतंजलीचे प्रवर्तक दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल सर्वोच्च न्यायालयात माफी मागत होते. सगळा देश ते पाहत होता. त्यानंतर १ जुलैला केंद्राने नियम १७० रद्दच केला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्या रद्द करण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाली आणि तिच्यासोबत स्थगितीही गेली. एका बाबाची माफी आपल्याला आठवते. तो नियम कधी गेला, हे फारसं कोणाच्या लक्षात नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ॲलोपॅथीचं काय? मेडिकलमध्ये अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय मिळतं, त्याची सवय लागते, डॉक्टर दोन मिनिटांत गोळी लिहून मोकळे होतात. सगळं खरं आहे. माझ्या हॉस्टेलमध्ये परीक्षेच्या काळात त्या गोळ्या हातोहात फिरायच्या. पण अल्प्राझोलाम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे. दुकानदाराने चिठ्ठी पाहायची, रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची, पाकिटावर लाल इशारा असायचा. तो नियम मोडतात. मोडला, असं म्हणून मी तक्रार तरी करू शकते. माझ्या कॅप्सूलबाबत कोणता नियम मोडला गेला? मी शोधला. सापडला नाही.

चरकाची पाच कारणं

बरी झाल्यावर मी चरकसंहिता मराठी भाषांतरातून चाळली. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी झोपेचं प्रकरण आहे. झोप न येण्याची पाच कारणं तिथे सांगितली आहेत: काम, काळ, रोग, प्रकृती आणि वात.

पाच. आता माझ्या क्विझकडे परत या. ती फक्त शेवटच्या दोघांबद्दल विचारत होती. प्रकृती आणि वात, कारण त्यांच्यावर कॅप्सूल विकता येते. काम किती वाजता संपतं, हे तिने विचारलं नाही. एखादा रोग आहे का, वजन उतरलंय का, रक्त कधी तपासलं, हेही नाही. वैद्य मॅडमनी तिसऱ्या कारणापासून सुरुवात केली आणि त्यांना उत्तर सापडलं. म्हणून म्हणते, त्या वेबसाइटला विज्ञानाच्या कसोटीवर नापास करायची गरजच नाही. ती चरकाच्याच पेपरात पाचपैकी तीन प्रश्न सोडून आली आहे.

त्याच अध्यायात झोपेसाठीचे उपायही आहेत. अंगाला तेल, स्नान, भात आणि दही, दूध, तूप, अंग चेपणं, आवडते वास आणि आवाज, चांगलं अंथरूण, मनाला सुख. आजी तळपायाला खोबरेल लावून काशाच्या वाटीने चोळायची, ती याच परंपरेतली. यातलं बरंचसं विकायला अवघड आहे, कारण त्याला वेळ लागतो आणि दुसरं माणूस लागतं. यादीत मद्यही आहे, बरं का. तेव्हा ग्रंथात आहे म्हणजे आजच्या प्रत्येकाला चालेल, असं कोणी म्हणू लागलं तर त्याला तिथेच थांबवता येतं.

आधुनिक वैद्यक इथे फार लांब नाही. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून गोळी सुचवली नाही, सीबीटी-आय सुचवलं. उठायची वेळ रोज एकच, झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, अंथरुणावर लॅपटॉप नाही, झोपेबद्दलची भीती हळूहळू सोडवायची. तीही दिनचर्याच. दोन्ही परंपरा सांगतात, आधी दिवस बदला. बाजार सांगतो, दिवस आहे तसाच राहू द्या, रात्री ही कॅप्सूल घ्या.

आणि दिवस आहे तसाच राहण्यात कोणाचा फायदा आहे? त्या वर्षी आमच्या ऑफिसमध्ये वेलनेस वीक झाला. एक वेबिनार, एक योगा सेशन आणि प्रत्येकाच्या टेबलावर अश्वगंधेच्या गमीजची डबी. स्टँडअपची वेळ साडेदहाच राहिली. ऑन-कॉलचं वेळापत्रकही तेच. चरकाच्या यादीतलं पहिलं कारण 'काम' आहे, आणि त्या कारणाने स्वतःच गमीज वाटल्या.

सूत्रस्थानातच, एकोणतिसाव्या अध्यायात, खोट्या वैद्यांचं वर्णन आहे. कोणी आजारी असल्याचं कळलं की ते चारी बाजूंनी धावून येतात. रुग्णाच्या कानावर पडेल असं स्वतःचं कौतुक करतात, उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष काढतात, रुग्णाच्या मित्रांना खूश करतात. आणि गुण आला नाही की रुग्णावरच ढकलतात, याच्याकडे साधनं नाहीत, याचा मनावर ताबा नाही. मी हे वाचताना मला चॅटबॉट आठवला. पथ्य नीट पाळताय ना?

पागलखाना चौक

मग लोक तरीही तिकडे का जातात? मी का गेले? स्वस्त आहे म्हणून नाही; कोर्सच्या पैशांत थायरॉइडची तपासणी अनेकदा झाली असती.

नागपुरात छिंदवाड्याच्या बाजूला निघालं की प्रादेशिक मनोरुग्णालय लागतं. १८६४ पासूनचं. त्याच्याजवळच्या चौकाला अख्खं शहर 'पागलखाना चौक' म्हणतं. ऑटोवाल्याला तेच सांगावं लागतं. अशा शहरात 'मला मनोविकारतज्ज्ञाकडे जायचंय' हे वाक्य घरात बोलणं किती जड असतं, ते बोलून पाहिल्याशिवाय कळत नाही. 'वात वाढलाय' मात्र जेवताना म्हणता येतं. त्यात लाज नाही, त्यात मन आणि शरीर वेगळी नाहीत, आणि आईलाही काय करायचं ते कळतं. आयुर्वेदाने आपल्याला दिलेली ही भाषा खरोखर मोलाची आहे, आणि मला ती गमवायची नाही.

पण त्या भाषेचा आडोसाही होतो. बंगळुरूच्या निमहान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, चिंता आणि नैराश्यासारखे सर्रास दिसणारे विकार असलेल्या शंभरातल्या साधारण ८५ जणांना उपचार मिळतच नव्हते. त्यातले कितीजण घरी बसून 'नुकसान तर नाही' असं काहीतरी घेत असतील? माझा आजार सुदैवाने रक्तात दिसणारा होता. एखाद्याचा तसा नसतो. त्याच्या बाबतीत अडीच महिने म्हणजे फक्त झोप नसते, जीवही असू शकतो.

याच निमहान्समध्ये २०१९ पासून एकात्मिक वैद्यकाचा विभाग चालतो. तिथे मनोविकारतज्ज्ञ आणि वैद्य एका छताखाली आहेत. म्हणजे दोघांनी एकत्र बसणं अशक्य नाही. आपल्या सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातून मेडिकलला पोचायला फार वेळ लागत नाही. रुग्ण हे अंतर रोज कापतात, फाइल मात्र कापत नाही.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात. वैद्यांनो, 'साइड इफेक्ट नाहीत' म्हणणाऱ्या जाहिरातींविरुद्ध सगळ्यात आधी तुम्ही बोला. त्या तुमच्या शास्त्राला साखरेची गोळी ठरवताहेत. सरकारने डबीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग, किती अर्क आणि कोणी घेऊ नये एवढं मराठीत छापायला लावावं, आणि जाहिरातीची पूर्वपरवानगी परत आणावी. कंपन्यांनी गमीज ठेवून घ्याव्यात आणि ऑन-कॉलनंतरचा दिवस सुट्टीचा करावा.

आणि तुम्ही, जे हे बहुतेक अंथरुणात पडून वाचताय. दोन-तीन आठवडे झोप नीट नसेल, डोकं जड असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. कोणतीही चूर्णं, गमीज घेत असाल तर प्रत्येक डॉक्टरला आणि प्रत्येक वैद्याला डबी दाखवा. त्रास झाला तर नोंदवा. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून आहे, आपण तक्रार करत नाही म्हणून तो रिकामा दिसतो आणि रिकामा दिसतो म्हणून 'नुकसान नाही' म्हणता येतं. मन फारच अंधारलं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मागच्या महिन्यात काकू जिन्यात भेटल्या. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, हिंजवडीत. म्हणाल्या, "त्यालेही झोप नाही येऊन राहिली म्हणते. तुझी ती गोळी कोणती होती गं? आयुर्वेदिकवाली?"

मी म्हटलं, "काकू, आधी त्याला दोन गोष्टी विचारा. काम रात्री किती वाजता संपतं, आणि रक्त शेवटचं कधी तपासलं होतं. मग गोळीचं बोलू."